सुईच्या तपासणीनंतरचें रक्त : भ्यावें केव्हां आणि धांवावें केव्हां

गृहस्थाच्या घरांत कांहीं विषय असे असतात कीं, ते सर्वांस ठाऊक असतात, परंतु त्यांविषयीं कोणी कोणाशीं बोलत नाहीं. वृद्ध पुरुषांचा मूत्रविकार हा त्यांपैकींच एक होय. रात्रीं चार वेळां उठावें लागतें, धार बारीक झाली आहे, लघवी झाली तरी झाल्यासारखी वाटत नाहीं, हें आजोबा जाणतात, आजीबाई जाणतात आणि पलीकडच्या खोलींत झोपणारे चिरंजीवहि जाणतात. पण सकाळीं चहाच्या वेळीं वर्तमानपत्रांतील राजकारणाचा खल होतो, या गोष्टीचा होत नाहीं. आमच्या नौपाड्यांत सकाळीं घंटाळीच्या देवळाकडे किंवा गोखले मार्गानें फिरावयास निघणाऱ्या वृद्ध मंडळींच्या बोलण्यांत अलीकडे ‘पीएसए’ आणि ‘बायोप्सी’ हे दोन शब्द येऊं लागले आहेत, हें मात्र सुचिन्ह म्हटलें पाहिजे. ते हळू आवाजांत उच्चारले जातात, परंतु उच्चारले जातात.

या बायोप्सीनंतर रक्त जातें. बहुतेकांस तें थोडें जातें व आपोआप थांबतें; फारच थोड्यांस इतकें जातें कीं, तें थांबविण्यासाठीं रुग्णालयांत धांवावें लागतें. पहिल्या प्रकारास भिऊन कित्येक जण आवश्यक तपासणी टाळतात, आणि दुसऱ्या प्रकारास पहिलाच समजून कित्येक जण घरीं बसून राहतात. हे दोन्ही प्रमाद टळावे, एवढाच या महिन्याच्या लेखाचा हेतु आहे. आम्ही वैद्य नव्हों. येथें जें सांगितलें आहे, तें वाचून आपल्या वैद्यास चार प्रश्न अधिक विचारावे आणि प्रसंग आल्यास त्याच्याकडे वेळेवर पोंचावें, एवढीच आमची अपेक्षा.

प्रथम त्या ग्रंथीविषयीं. मूत्राशयाच्या तोंडाशीं, मूत्रमार्गास वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथि पुरुषांस असते. इंग्रजींत तिला प्रोस्टेट म्हणतात. मराठी विश्वकोशांत तिला ‘अष्ठीला ग्रंथि’ हें नांव दिलें आहे. शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताच्या प्रकरणांत, मलमार्ग आणि बस्ति यांच्या मध्यें अष्ठीलेसारखी, म्हणजे वाटोळ्या दगडासारखी, कठीण गांठ उत्पन्न होऊन मूत्र अडतें, असें वर्णन आहे. मलमार्ग आणि बस्ति यांच्या मध्यें, हें स्थान वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व प्रकार त्या स्थानामुळेंच घडतो.

रक्तांतील पीएसए वाढलेला आढळला, अथवा वैद्यानें बोटानें तपासतां ग्रंथींत कठीणपणा लागला, म्हणजे कर्करोगाची शंका येते. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं पुढचें पाऊल टाकण्यापूर्वीं एमआरआय काढून पाहतात, आणि त्यामुळें कांहीं जणांची सुई टळतेहि. तरी शंका उरली तर ती फेडण्याचा निश्चित उपाय म्हणजे ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. ध्वनिलहरींच्या यंत्रावर ग्रंथि न्याहाळीत पोकळ सुईनें साधारणतः १० ते १२ तुकडे घेतात. प्रत्येक तुकडा शेवईच्या काडीसारखा बारीक असतो. यंत्रावर पाहून ठरलेल्या जागांतून तुकडे घेण्याची ही रीत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हां सहा तुकडे घेत असत. सुई आंत नेण्याचे मार्ग दोन आहेत. एक गुदाशयाच्या भिंतींतून. आणि दुसरा वृषण व गुद यांच्या मधल्या त्वचेंतून, जेथें योगशास्त्र मूलाधार मानतें. दुसऱ्या मार्गांत जंतुसंसर्गाचें भय कमी, म्हणून तज्ज्ञांचा कल आतां तिकडे वाढला आहे. तथापि पहिला मार्गहि पुष्कळ ठिकाणीं चालूं आहे. आपली तपासणी कोणत्या मार्गानें होणार, हें प्रत्येकानें आधींच विचारून ठेवावें. कारण रक्त कोठून येईल तें त्यावर अवलंबून असतें.

आतां त्या रक्ताचें प्रमाण किती तें पाहूं. युरोपांतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या मार्गदर्शक पुस्तकांत एक तक्ता दिला आहे. त्यावरून पाहतां शंभरांतील सुमारें ३७ जणांच्या वीर्यांत रक्त दिसतें. १४ ते १५ जणांच्या लघवींत एका दिवसाहून अधिक काळ रक्त राहतें. आणि दोघांच्या गुदद्वारांतून जाणारें रक्त दोन दिवसांच्या आंत थांबतें. दोन दिवसांहून अधिक टिकणारा, अथवा प्रसंगीं शस्त्रोपचार करावयास लावणारा गुदांतील रक्तस्राव मात्र हजारांत सात जणांस होतो, आणि लघवी अडण्याचा प्रकार हजारांत दोघांस. म्हणजे रक्त दिसणें हा जवळजवळ नियम आणि रक्तानें जीव धोक्यांत येणें हा अपवाद होय.

नेहमींचें रक्त कसें असतें? लघवी कोकमाच्या सरबतासारखी फिकट तांबूस होते. दोन-चार दिवस, कधीं आठवडाभर तशी राहते. मध्येंच स्वच्छ होते आणि पुन्हां एखाद्या वेळीं तांबूस येते. शौचाबरोबर एक-दोन दिवस थोडे थेंब पडतात. वीर्याचा रंग तांबूस किंवा तपकिरी कित्येक आठवडे राहूं शकतो, त्यानें कांहीं बिघडत नाहीं. पत्नीस हें आधीं सांगून ठेवावें, म्हणजे निष्कारण घाबरगुंडी उडणार नाहीं. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. चमचाभर रक्त तांब्याभर पाण्यांत पडलें तरी सगळें पाणी लाल दिसतें. यास्तव केवळ रंग पाहून पुष्कळ रक्त गेलें असा निष्कर्ष काढूं नये. प्रवाह वाढत आहे कीं कमी होत आहे, गुठळ्या आहेत कीं नाहींत, आणि माणूस कसा दिसतो, या तीन गोष्टी रंगापेक्षां अधिक सांगतात.

भयंकर रक्तस्राव तीन रूपांनीं येतो. पहिलें रूप गुदाशयांतील. सुई गुदाशयाच्या भिंतींतून गेली असतां तेथील एखादी शीर किंवा रोहिणी दुखावते. गुदाशय ही एक पिशवी आहे. रक्त तींत सांठत राहतें आणि बाहेर कांहींच दिसत नाहीं. मग एकाएकीं शौचाची घाई होते आणि ताज्या लाल रक्ताबरोबर काळपट गुठळ्या पडतात. रोग्यास वाटतें, पोट बिघडलें. थोड्या वेळानें पुन्हां तीच घाई. अशा दोन-तीन वेळा झाल्या कीं अंगाला घाम सुटतो, डोळ्यांपुढें अंधारी येते. शौचाची घाई हें येथें रक्त सांठल्याचें लक्षण असतें, हें ज्यास ठाऊक नाहीं तो फसतो.

दुसरें रूप मूत्राशयांतील. रक्त मूत्राशयांत उतरतें, त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या मूत्रमार्गाच्या तोंडाशीं बसतात. लघवीची तीव्र इच्छा होते, ओटीपोट तटतटतें, आणि थेंब पडत नाहीं. मूत्राशय ताणलेला राहिला कीं तेथील शिरा मिटत नाहींत, म्हणून रक्त आणखी वाहतें, आणखी गुठळ्या होतात. हें चक्र तोडण्यास नळी घालावीच लागते; घरीं पाणी पीत बसल्यानें तें तुटत नाहीं, उलट ताण वाढतो.

तिसरें रूप आंतल्या आंत सांठणारें. मूलाधाराच्या मार्गानें सुई घातली असतां त्वचेखालीं रक्त सांठून तेथें किंवा वृषणाच्या पिशवीवर निळसर सूज येते. थोडा निळेपणा सामान्य आहे. परंतु सूज तासातासानें वाढूं लागली, ठणका लागला, तर तो सामान्य नव्हे.

आमच्या परिचयांतील एका वृद्ध गृहस्थांची हकिगत त्यांच्या संमतीनें, नांव न देतां, येथें सांगतों. वय सत्तरीपुढचें. हृदयांत आदल्या वर्षीं स्टेंट बसविलेला, त्यामुळें रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालूं. हृदयरोगतज्ज्ञ व मूत्ररोगतज्ज्ञ यांनीं मिळून त्यांतील एक गोळी ठराविक दिवस बंद ठेविली, बायोप्सी यथास्थित पार पडली, आणि सांगितलेल्या दिवशीं गोळी पुन्हां सुरू झाली. सर्व कांहीं शास्त्राप्रमाणें झालें होतें. सहाव्या रात्रीं एकच्या सुमारास त्यांस शौचाची घाई झाली व रक्त गेलें. ते कोणास न उठवितां परत येऊन पडले. अर्ध्या तासानें पुन्हां तेंच. या वेळीं फरशीवर डाग पडले, ते सुनेच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून त्यांनीं स्वतः पाणी ओतून फरशी धुतली. तिसऱ्या वेळीं आंतून पडल्याचा आवाज आला. सूनबाई जाग्या झाल्या. त्यांनीं बाहेरून विचारलें, “बाबा, बरें वाटत नाहीं का?” आंतून क्षीण उत्तर आलें, “कांहीं नाहीं, पोट बिघडलें आहे.” दाराची कडी आंतून लावलेली. ती चिरंजीवांनीं धक्के देऊन मोडली. रुग्णालयांत पोंचेपर्यंत नाडी जलद व बारीक झाली होती. दोन पिशव्या रक्त चढवावें लागलें, दुर्बिणीनें पाहून रक्त वाहणारी जागा बंद करण्यांत आली, आणि चौथ्या दिवशीं ते चालत घरीं आले. आज ते सुखरूप आहेत. त्या रात्रीं एक वाजतां त्यांनीं हांक मारली असती, तर फरशी धुण्याचे श्रम व दाराची कडी दोन्ही वांचलीं असतीं, असें ते आतां स्वतःच हंसून सांगतात. हंसण्याची संधि मिळाली हें त्यांचें भाग्य.

या हकिगतींतून दोन गोष्टी निघतात. एक, हा स्राव तपासणीच्याच दिवशीं होतो असें नाहीं. जखमेवर धरलेली खपली कुंथल्यानें अथवा रक्त पातळ झाल्यानें सुटूं शकते, म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस, विशेषतः गोळ्या पुन्हां सुरू झाल्यावर, सावध राहावें. दुसरी, औषधाचा हिशेब कितीहि चोख असला तरी लाज आड आली तर तो निरुपयोगी होतो.

त्या गोळ्यांविषयीं येथेंच सांगितलेलें बरें. अल्प मात्रेंतील ॲस्पिरिन चालूं ठेवूनहि बायोप्सी करतां येते, असें आतां सामान्यतः मानतात. क्लोपिडोग्रेलसारखीं औषधें सुमारें पांच ते सात दिवस, वॉरफेरिन सुमारें पांच दिवस, आणि नवीं रक्त पातळ ठेवणारीं औषधें सामान्यतः दोन-तीन दिवस आधीं थांबवितात. मूत्रपिंडें अशक्त असतील तर अधिक दिवस लागतात. परंतु हे आंकडे वाचून कोणीहि स्वतःच्या हातानें गोळी बंद करूं नये. नुकताच स्टेंट बसला आहे, हृदयाचा कृत्रिम पडदा आहे, किंवा हृदयाचे ठोके अनियमित आहेत, अशा माणसानें गोळी सोडली तर रक्तस्रावाहून भयंकर असा हृदयाचा झटका अथवा पक्षाघात येऊं शकतो. ज्यानें गोळी दिली आणि जो सुई घालणार, त्या दोघांचें एकमेकांशीं बोलणें झालें आहे, याची खातरी घरच्यांनीं करून घ्यावी. गोळी केव्हां बंद करावयाची यासारखेंच ती केव्हां सुरू करावयाची हेंहि लिहून घ्यावें. गुडघेदुखीसाठीं आपल्या मनानें घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, लसणाच्या वा माशाच्या तेलाच्या गोळ्या, काढे व चूर्णें यांची वाच्यता रोगी सहसा करीत नाहीं, ती करावी. पूर्वीं दांत काढतांना फार रक्त गेलें होतें का, मूळव्याध आहे का, यकृताचा विकार आहे का, हेंहि सांगावें.

मोठा स्राव झाल्यास घरीं काय करावें? रोग्यास आडवें निजवून पाय थोडे उंच ठेवावे. शौचकूपावर बसून कुंथूं देऊं नये. जावेंच लागलें तर कोणीतरी सोबत जावें आणि दाराची कडी लावूं नये. तोंडानें अन्न किंवा चहा देऊं नये, कारण पुढें भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. एनिमा देऊं नये, गुदांत कापूस किंवा औषध घालूं नये. रक्ताची जागा बाहेरून सांपडत नाहीं. रक्त थांबविण्याची गोळी शेजाऱ्यांकडून आणून देऊं नये. त्या गोळीचा योग्य उपयोग आहे, परंतु मूत्राशयांत रक्त असतां तिनें गुठळ्या घट्ट होऊन लघवी अडूं शकते आणि हृदयरोग्यास तिचा अपाय होऊं शकतो. रक्त पातळ ठेवणारी शेवटची गोळी किती वाजतां घेतली तें कागदावर लिहावें, आणि वैद्यास विचारल्यावांचून पुढची देऊं नये. मग १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा. राज्य शासनाची ही विनामूल्य रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून चालूं आहे. रोग्यास स्कूटरवर मागें बसवून नेऊं नये. वाटेंत तो मूर्च्छित होऊं शकतो.

कोठें न्यावयाचें, हा प्रश्न रात्रीं दोन वाजतां सोडवावयाचा नसतो. तपासणी जेथें झाली तें ठिकाण रात्रीं उघडें असतें का, तेथें दुर्बिणीची सोय व रक्तपेढी आहे का, नसल्यास नौपाड्यांतील एखादें मोठें खासगी रुग्णालय कीं खाडीपलीकडचें कळव्याचें महानगरपालिकेचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय, हें आधींच ठरवावें. ज्यांची तपासणी मुंबईस परळच्या एखाद्या रुग्णालयांत झाली असेल, त्यांस तेथेंच जाण्याचा आग्रह होतो. रक्त वाहत असतां तो आग्रह धरूं नये. प्रथम जवळच्या ठिकाणीं जाऊन सलाईन सुरू व्हावी, नाडी सांवरावी. मग वैद्य सांगतील तर पुढें जावें.

रुग्णालयांत काय होतें तें ठाऊक असलें म्हणजे घरच्यांचा धीर सुटत नाहीं. सुश्रुताच्या सूत्रस्थानांत रक्ताचें वर्णन करणारा एक अध्याय आहे. रक्त हें देहाचें मूळ म्हणून त्याचें यत्नानें रक्षण करावें असें सांगून तेथें रक्त थांबविण्याचे चार उपाय दिले आहेत : स्कंदन म्हणजे थंडाव्यानें गोठविणें, संधान म्हणजे तुरट द्रव्यांनीं जखमेचीं तोंडें जुळविणें, पाचन म्हणजे भस्मानें सुकविणें, आणि दहन म्हणजे डाग देऊन शिरा आकुंचित करणें. विशेष हें कीं, या उपायांस क्रम दिला आहे. सौम्य उपाय आधीं, आणि ते फसले तरच दहन. प्राचीनांस आजचें सर्व ज्ञान होतें असें भासविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. भस्माचा उपाय आज येथें कोणी करणार नाहीं. परंतु सौम्याकडून तीव्राकडे जाण्याचा तो क्रम आजचे शल्यवैद्यहि पाळतात.

प्रथम दोन हातांस दोन जाड सुया लावून सलाईन सुरू करितात. रक्त घेऊन हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याची शक्ति आणि रक्तगट तपासतात. येथें एक सावधगिरी. नुकतें रक्त गेलेल्या माणसाचें पहिलें हिमोग्लोबिन चांगलें येऊं शकतें, कारण उरलेलें रक्त अद्याप पातळ झालेलें नसतें. ‘अहवाल चांगला आहे, घरीं नेतों’ असा हट्ट नातेवाइकांनीं धरूं नये. कांहीं तासांनीं पुन्हां तपासणी होते. तसेंच रक्तदाब व हृदय यांसाठीं नाडी मंद ठेवणारीं औषधें जे घेतात, त्यांची नाडी पुष्कळ रक्त गेलें तरी जलद होत नाहीं. तें औषध चालूं असल्याचें आवर्जून सांगावें. वॉरफेरिन घेणाऱ्यास त्याचा परिणाम उतरविणारें औषध देतात.

गुदांतील स्रावास पहिला उपाय अगदीं साधा आहे : वैद्य हातमोजा घालून बोटानें त्या जागीं कांहीं मिनिटें घट्ट दाब देतो. पुष्कळदां तेवढ्यानें भागतें. न भागल्यास औषधाच्या गाजेची घडी, किंवा लघवीच्या नळीचा फुगा गुदाशयांत फुगवून त्याचा दाब देतात. तेंहि पुरलें नाहीं तर दुर्बीण घालून वाहणारी शीर शोधतात आणि तेथें शीर आकुंचित करणारें औषध टोंचतात, बारीक धातूची क्लिप बसवितात, रबरी कडें चढवितात, टांका घालतात किंवा डाग देतात. इतक्यावरहि रक्त थांबलें नाहीं असा रोगी विरळा. त्याच्या जांघेंतील किंवा मनगटांतील रोहिणींतून बारीक नळी ग्रंथीच्या रोहिणीपर्यंत नेऊन ती रोहिणी आंतून बुजवितात. उघडी शस्त्रक्रिया अगदीं शेवटीं.

मूत्राशयांतील स्रावास तीन वाटांची जाड नळी घालतात. मोठ्या पिचकारीनें सर्व गुठळ्या हातानें धुऊन काढणें हें यांतील मुख्य काम; तें चिकाटीचें असतें आणि रोग्यास त्रासदायकहि वाटतें. मग एका वाटेनें सलाईन आंत सोडून दुसऱ्या वाटेनें बाहेर काढीत राहतात, म्हणजे नवी गुठळी धरत नाहीं. पिशवींत लाल पाणी भराभर उतरतांना पाहून नातेवाईक घाबरतात. परंतु तें बहुतेक धुण्याचें पाणी असतें. हळूहळू तें फिकट होतें. न झाल्यास भूल देऊन मूत्रमार्गांतून दुर्बिणीनें रक्त वाहणारी जागा डागतात. येथें सुश्रुताचें दहन आलें. पण येथेंहि तें शेवटीं.

एक उपाय मात्र सुश्रुताजवळ नव्हता, तो म्हणजे गेलेलें रक्त भरून देणें. कार्ल लांडस्टायनर यानें १९०१ सालीं व्हिएन्ना येथें रक्तगटांचा भेद दाखविला, तेव्हांपासून हें दान निर्धास्त झालें. तरीहि एक कोडें उरलेंच होतें, आणि तें उलगडण्यांत आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत असा एक रक्तगट प्रसिद्ध केला कीं, जो वरवरच्या तपासणींत ‘ओ’ गटासारखा दिसतो, परंतु अशा माणसास ‘ओ’ गटाचें रक्त दिलें तर तें त्यास विषासमान होतें. त्यास जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. भारतांत तो सुमारें दहा हजारांत एकाचा असतो असें मानतात, आणि त्यास आपल्याच गटाचें रक्त लागतें. रोग्याचें व दात्याचें रक्त जुळवून पाहिल्यावर हा घोटाळा उघडकीस येतो. बायोप्सीपूर्वीं रक्त राखून ठेवण्याची सामान्यतः गरज नसते. परंतु वृद्धानें आपला गट एकदां नीट तपासून घेतलेला असावा, आणि घराण्यांत कोणाचा हा विरळा गट असेल तर तें वैद्याच्या कानीं आधींच घालावें. रात्रीं दोन वाजतां असें रक्त शोधणें म्हणजे काय संकट असेल, हें निराळें सांगावयास नको.

रक्ताच्या जोडीला एक दुसरें संकट असतें, त्याचा एका वाक्यांत उल्लेख करणें आमचें कर्तव्य आहे. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला, तर रक्ताचा थेंबहि न दिसला तरी त्याच रात्रीं रुग्णालयांत जावें. तो जंतुसंसर्ग असूं शकतो आणि तो रक्तस्रावाइतकाच वेगानें जीव घेतो.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग ही तपासणीच नको. असें म्हणणें शहाणपणाचें नव्हे. हजारांत सातांच्या भयानें, वेळीं सांपडल्यास बरा होऊं शकणारा कर्करोग वाढूं देणें हा सौदा तोट्याचा आहे. एमआरआय आधीं काढावा का, सुई खरोखर लागेल का, कोणत्या मार्गानें घालणार, हें मोकळेपणीं विचारावें. आणि गरज ठरली म्हणजे निःशंक मनानें करून घ्यावी. ती झाल्यावर आठवडाभर जड उचलूं नये, सायकलवर बसूं नये, लांबचा प्रवास करूं नये. बद्धकोष्ठ होऊं देऊं नये. आणि हृदय वा मूत्रपिंड यांसाठीं पाण्याचें बंधन नसेल तर पाणी भरपूर प्यावें.

एक कागद घ्यावा आणि पुढील गोष्टी त्यावर ठळक अक्षरांत लिहाव्या : तपासणीची तारीख व मार्ग, चालूं असलेलीं सर्व औषधें, रक्त पातळ ठेवणारी गोळी कधीं बंद केली व कधीं सुरू करावयाची, रक्तगट, वैद्याचा दिवसाचा व रात्रीचा क्रमांक, जावयाचें रुग्णालय. त्याखालीं हेंहि लिहावें : शौचाबरोबर ताजें रक्त पुन्हां पुन्हां जाणें, गुठळ्या पडणें, लघवी अडणें, लघवी गडद लाल व घट्ट होत जाणें, मूलाधारापाशीं सूज वाढत जाणें, चक्कर, घाम, फिकेपणा किंवा थंडीताप, यांपैकीं एकहि झाल्यास सकाळची वाट पाहूं नये. हा कागद देवघराजवळ अथवा स्वयंपाकघराच्या कपाटावर, सर्वांस दिसेल असा लावावा. तेथें तो लागला कीं विषय आपोआप बोलण्याचा होतो.

घरांतील ज्येष्ठांस आमची एक विनंती आहे. आहारांत आणि व्यवहारांत लाज सोडणारा सुखी होतो असें चाणक्यनीति सांगते. त्यांत औषधोपचाराचीहि भर घालण्यास हरकत नसावी. ज्या सुनेनें आपल्या तापांत रात्री जागून काढल्या, तिला आपलें रक्त दिसलें तर आपली प्रतिष्ठा कमी होत नाहीं. आणि घरांतील तरुणांसहि विनंती कीं, “बाबा, आज लघवीचा रंग कसा होता?” हा प्रश्न त्यांनीं चहाच्या वेळीं, जेवणाविषयीं विचारावें तितक्या सहजपणें विचारावा. उत्तर देण्यास पहिल्या दिवशीं थोडा वेळ लागेल. दुसऱ्या दिवशीं लागणार नाहीं.